ई-१० टाकू का? जर्मनीतली जुनी गाडी, तिचं इंधन आणि तिची निगा

जर्मनीत येऊन वर्ष-दोन वर्षं झाली, घरात बाळ आलं किंवा आई-बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी येणार असले, की गाडीचा विषय निघतोच. बहुतेकांची पहिली गाडी जुनी असते. गोल्फ, पोलो, कोर्सा, फिएस्टा, फाबिया नाहीतर यारिस. वय दहा-बारा वर्षं आणि लाखभर किलोमीटर धावलेली. कागदपत्रं होतात, नंबरप्लेट लागते, आणि पहिल्यांदा पेट्रोल पंपावर उभं राहिलं की समोर चार-पाच नोझल दिसतात. सुपर ई-१०, सुपर, सुपर प्लस, डिझेल, आणि काही ठिकाणी १०० किंवा १०२ असा आकडा मिरवणारं एक महागडं पेट्रोल. या पेट्रोलांत ई-१० सगळ्यांत स्वस्त. कुणीतरी जुनाजाणता मित्र सांगतो, "ई-१० अजिबात टाकू नकोस, इंजिन खातं ते." त्याच संध्याकाळी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भारतातल्या ई-२० बद्दल तसाच एखादा निरोप येऊन पडतो.

उत्तर आधीच सांगून टाकतो. बहुतेक पेट्रोल गाड्यांना ई-१० चालतं. काही थोड्या जुन्या गाड्यांना ते खरोखर घातक आहे, आणि त्यांची यादी उपलब्ध आहे. पण ई-१० घ्यायचं की सुपर या प्रश्नात वर्षाकाठी जेमतेम वीस युरोंचा फरक पडतो. जुन्या गाडीत खरा मोठा खर्च ज्या गोष्टींनी येतो, त्यांच्याकडे मात्र पुष्कळ जणांचं लक्ष नसतं. हे सगळं का आणि कसं, ते क्रमाने पाहू.

पेट्रोल म्हणजे बेंझिन

नावांपासूनच गोंधळ सुरू होतो. आपण ज्याला पेट्रोल म्हणतो त्याला जर्मनमध्ये 'बेंझिन' म्हणतात. जर्मन 'पेट्रोलेउम' म्हणजे दिव्यात घालायचं रॉकेल. बेंझिन हे नाव कार्ल बेंझवरून आलं असं पुष्कळांना वाटतं, पण ते खरं नाही. हा शब्द रसायनशास्त्रज्ञ आइलहार्ड मिचरलिश याने १८३० च्या दशकात वापरात आणला, आणि तोही आज आपण ज्याला 'बेंझीन' म्हणतो त्या वेगळ्या रसायनासाठी. कार्ल बेंझचा जन्म १८४४ चा.

बेंझ घराण्याचा इंधनाशी संबंध आहे तो वेगळ्या कारणाने. ऑगस्ट १८८८ मध्ये कार्लची पत्नी बेर्टा बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेल्या मोटारगाडीतून मानहाइमहून फोर्झहाइमला आपल्या माहेरी निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. तेव्हा पेट्रोल पंप हा प्रकारच नव्हता. वाटेत वीसलोख गावातल्या औषधांच्या दुकानातून तिने 'लिग्रोइन' विकत घेतलं. हे हलकं खनिज तेल तेव्हा डाग काढायला वापरत. इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिने ती टोपीच्या पिनेने साफ केली, आणि ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं बसवून घेतलं. जगातल्या पहिल्या लांबच्या मोटारप्रवासातच योग्य इंधन शोधणं आणि गाडीची डागडुजी ही दोन्ही कामं करावी लागली होती.

आज काम सोपं आहे. ऑक्टोबर २०१८ पासून युरोपीय संघात पंपांवर आणि नव्या गाड्यांवर सारख्या खुणा असतात. पेट्रोलसाठी गोल, डिझेलसाठी चौकोन. गोलात ई-५ किंवा ई-१०, चौकोनात बी-७. आपली गाडी त्याआधीची असेल तर अशी गोल खूण कदाचित नसेल, पण इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला काय चालतं ते बहुधा लिहिलेलं असतं. वाहन नोंदणीच्या कागदावर पी-३ या रकान्यातही इंधनाचा प्रकार दिलेला असतो.

९५, ९८, १०२: या आकड्यांचा अर्थ

पंपावरचा आकडा हा ऑक्टेन आकडा. तो इंधनात किती ताकद आहे ते सांगत नाही. इंधन दाब किती सोसतं, ते सांगतो.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण पिस्टन दाबतो, मग ठिणगी पडते आणि ज्योत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पसरत जाते. वायू दाबला की तापतो. सायकलचा पंप जोरात मारला की तोंडाशी गरम लागतो, तसंच. मिश्रण फार तापलं तर ज्योत पोचण्याआधीच त्याचा उरलेला भाग आपोआप पेटतो. दाबाच्या लाटा उठतात, इंजिनातून टकटक आवाज येतो. याला 'नॉकिंग' म्हणतात. ते जोरात आणि फार वेळ चाललं तर पिस्टनला इजा होते.

इंधन हे किती टाळतं ते मोजायला प्रयोगशाळेत दोन द्रव घेतले. आयसो-ऑक्टेन सहज आपोआप पेटत नाही, त्याला १०० गुण. हेप्टेन लगेच पेटतं, त्याला शून्य. ९५ ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे चाचणीच्या इंजिनात ९५ भाग आयसो-ऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागणारं पेट्रोल.

अमेरिकेतून इकडे आलेल्यांना तिथल्या ८७ ची आठवण येते आणि जर्मन पेट्रोल फार भारी वाटतं. पण तिथे दोन वेगळ्या चाचण्यांची सरासरी लिहितात. तिथलं ८७ म्हणजे इकडच्या पद्धतीने साधारण ९१ ते ९२. भारतातही साध्या पेट्रोलचा आकडा वर्षानुवर्षं ९१ होता.

आता खिशाचा प्रश्न. गाडीच्या पुस्तिकेत ९५ लिहिलं असेल तर ९८ किंवा १०२ टाकून काय मिळतं? इंजिन ज्या दाबासाठी बनवलं आहे, त्या दाबाला ९५ पुरतं. जास्तीची सहनशक्ती वापरलीच जात नाही. पुस्तिकेत ९८ सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. अशा गाडीत ९५ टाकलं तर नॉक सेन्सर ठिणगी थोडी उशिरा पाडतो, इंजिन सांभाळलं जातं, पण ताकद थोडी कमी आणि खप थोडा जास्त होतो. पुस्तिकेत '९८, चालत असल्यास ९५' असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्याचा अर्थ हा.

ई-१० आणि सुपर या दोघांचाही ऑक्टेन आकडा ९५ च असतो. म्हणजे त्यांच्यातला भेद इथे नाही, तो इथेनॉलमध्ये आहे.

ई-१० चं भांडण

ई-५ म्हणजे ५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ई-१० म्हणजे १० टक्क्यांपर्यंत. जर्मनीत ई-१० आणायचा बेत आधी २००८ मध्ये होता, पण ज्यांना ते चालणार नाही अशा जुन्या गाड्यांची संख्या फार मोठी दिसली, तेव्हा पर्यावरणमंत्री झिग्मार गाब्रिएल यांनी तो मागे घेतला. अखेर २०११ च्या सुरुवातीला ई-१० पंपांवर आलं आणि लोकांनी ते घेणंच टाळलं. आपल्या गाडीला चालतं का, हे कुणाला नक्की माहीत नव्हतं. लोक महागडं सुपर आणि सुपर प्लस घेऊ लागले, आणि मार्च २०११ मध्ये अर्थमंत्री राइनर ब्र्युडर्ले यांना तेल कंपन्या आणि वाहन उद्योग यांची बैठक बोलवावी लागली. तिला वर्तमानपत्रांनी 'बेंझिन शिखर परिषद' असं नाव दिलं. जर्मन माणसाच्या मनातली ती धास्ती अजून पूर्ण गेलेली नाही, आणि आपल्याला शेजाऱ्याकडून किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून मिळणारा सल्ला बऱ्याचदा त्याच काळातला असतो.

धास्ती निराधार नव्हती. इथेनॉल रबरावर आणि काही प्लास्टिकवर परिणाम करतं, म्हणून जुन्या नळ्या आणि सील त्याला टिकत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. या धातूवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तो त्याचं रक्षण करतो. गरम आणि जवळजवळ कोरडं अल्कोहोल दाबाखाली त्या थराला भेदून धातूशी प्रक्रिया करू शकतं. सुरुवातीच्या काही थेट इंधन-फवारणीच्या इंजिनांत उच्च दाबाचे भाग अ‍ॅल्युमिनियमचे होते. अशा गाडीत एकदा भरलेलं ई-१० सुद्धा कायमचं नुकसान करू शकतं, आणि नंतर सुपर भरलं तरी सुरू झालेली झीज थांबेल याची खात्री नसते.

अशा गाड्या कोणत्या? फोक्सवागन गटाच्या एफएसआय इंजिनांची पहिली पिढी, म्हणजे लुपो, पोलो, गोल्फ आणि आउडी ए-२ मधली २००० नंतरच्या काही वर्षांतली इंजिनं. ऑपेलचं २.२ लिटरचं थेट फवारणीचं इंजिन. आणखीही काही आहेत. 'डॉइचे आउटोमोबिल ट्रॉइहांड' म्हणजे डीएटी ही संस्था कंपन्यांनी दिलेल्या माहितीवरून संपूर्ण यादी प्रसिद्ध करते, ती इंटरनेटवर फुकट मिळते. २०११ पासून नव्याने विकल्या गेलेल्या जवळजवळ सगळ्या पेट्रोल गाड्यांना ई-१० चालतं. आपली गाडी त्याआधीची असेल तर पाच मिनिटं काढून यादी पाहा. यादीत 'चालत नाही' असेल तर सुपर घ्या. ई-१० विकणाऱ्या पंपाला ई-५ ही ठेवावंच लागतं, असा नियम आहे.

चुकून भरलंच, तर गाडी सुरू करू नका. मदतीला फोन करा आणि टाकी रिकामी करून घ्या.

वीस युरोंचा हिशोब

ई-१० घेतलं तर मायलेज कमी होतं, हेही खरं आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१. म्हणजे एक-तृतीयांश कमी. ई-५ वरून ई-१० वर गेलं की प्रत्येक लिटरात पाच टक्के पेट्रोलची जागा इथेनॉल घेतं. पाच टक्क्यांचा तिसरा हिस्सा, म्हणजे ऊर्जा दीड-पावणेदोन टक्क्यांनी घटते. खपही साधारण तितकाच वाढतो.

उदाहरण म्हणून वर्षाला १०,००० किलोमीटर आणि १०० किलोमीटरला ६ लिटर खप धरू. सुपर १.७६ युरो, ई-१० १.७० युरो. सुपरचे ६०० लिटर होतात, खर्च १,०५६ युरो. ई-१० दीड टक्का जास्त लागेल, म्हणजे ६०९ लिटर, खर्च सुमारे १,०३५ युरो. वर्षाची बचत वीस-एकवीस युरो. दोघांच्या भावातला फरक दोन-तीन सेंटांवर आला तर ही बचत जवळपास संपते.

म्हणून ज्याच्या गाडीला चालतं त्याने ई-१० खुशाल घ्यावं, आणि ज्याला मनःशांतीसाठी सुपर घ्यायचं आहे त्याने वीस युरो देऊन सुपर घ्यावं. सुपरपेक्षा लिटरमागे वीस सेंट महाग असलेलं खास पेट्रोल याच हिशोबात वर्षाला १२० युरो जास्तीचे मागतं. त्या पैशांत गाडीचं तेल आणि फिल्टर बदलून होतात, किंवा निदान बराचसा खर्च तरी निघतो.

भारतातल्या ई-२० ची गोष्ट मात्र याच मापाने मोजू नये. तिथे मिश्रणाचं प्रमाण दुप्पट आहे, आणि पंपावर कमी इथेनॉलचा सोपा पर्याय जवळजवळ राहिलेला नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानेच शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ई-२० वर ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज दिला होता. आई-बाबांच्या जुन्या गाडीबद्दल विचारायचं तर गाडीच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला, त्या मॉडेलचं नाव आणि वर्ष सांगून विचारावं. इकडचा अनुभव तिकडे तसाच लावू नये.

डिझेल घ्यावं का?

जुनी डिझेल गाडी इकडे मोहात पाडते. डिझेलवरचा ऊर्जा कर लिटरला ४७.०४ सेंट, पेट्रोलवर ६५.४५ सेंट. डिझेल इंजिन खातंही कमी. पण वाहन कर उलटा आहे. जुलै २००९ नंतर नोंदलेल्या गाड्यांना इंजिनच्या दर १०० घनसेंटिमीटरला पेट्रोलसाठी २ युरो, डिझेलसाठी साडेनऊ युरो पडतात. १.६ लिटरच्या इंजिनाला एवढ्या भागापुरते पेट्रोलचे ३२ युरो, डिझेलचे १५२ युरो. कार्बन डायऑक्साइडचा भाग वेगळा.

याहून महत्त्वाचं म्हणजे तुम्ही गाडी चालवता कशी. डिझेलच्या धुरातली काजळी एका फिल्टरमध्ये अडकते, आणि ती अधूनमधून सुमारे ६०० अंशांना जाळून टाकावी लागते. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं हायवेवर सलग धावणं लागतं. रोज बालवाडी, सुपरमार्केट आणि स्टेशन एवढंच फिरणाऱ्या गाडीत ही प्रक्रिया अर्धवट सुटते. जाळण्यासाठी जास्तीचं फवारलेलं डिझेल मग इंजिनच्या तेलात उतरतं, तेल पातळ होतं आणि फिल्टर तुंबत जातो. तो बदलायचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने फार मोठा असतो. आठवड्याला शंभर-दीडशे किलोमीटर शहरातच फिरणार असाल तर पेट्रोल घ्या.

शहराचे नियमही पाहावे लागतात. स्टुटगार्टने २०१९ पासून युरो-४ आणि त्याहून जुन्या डिझेल गाड्यांना बंदी घातली, म्युनिकने २०२३ मध्ये शहराच्या आतल्या भागात तसंच केलं. हँबर्गने २०१८ मध्ये दोन रस्त्यांवर घातलेली बंदी २०२३ मध्ये उठवली. नियम बदलत राहतात, म्हणून डिझेल घेण्याआधी आपल्या शहराच्या संकेतस्थळावर ताजी स्थिती पाहा.

डिझेल असेल तर हिवाळ्याची एक गोष्ट लक्षात ठेवा. थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर अडतो. म्हणून इकडे १६ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत उणे २० अंशांपर्यंत फिल्टरमधून जाऊ शकेल असं हिवाळी डिझेल विकतात. ऑक्टोबरात भरलेल्या टाकीसह गाडी उभी करून नाताळात सहा आठवडे भारतात गेलात, तर टाकीत उन्हाळी किंवा मधल्या काळातलं डिझेलच राहतं.

आणि डिझेलच्या गाडीत चुकून पेट्रोल भरलं, तर चावी फिरवूही नका. डिझेलचं नोझल जाड असतं, ते पेट्रोल गाडीच्या तोंडात सहसा जात नाही. पेट्रोलचं बारीक नोझल मात्र डिझेल गाडीत आरामात जातं. डिझेल पंपाच्या फिरत्या भागांना वंगण डिझेलच पुरवतं, आणि पेट्रोलमध्ये तो गुण नाही. काही गाड्यांत चावी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधीच टाकीतला पंप इंधन पुढे ढकलू लागतो.

'ट्युफ नवा' म्हणजे इंजिन चांगलं असं नाही

जाहिरातीत 'ट्युफ नॉय' लिहिलेलं असलं की आपण निश्चिंत होतो. ही तपासणी दर दोन वर्षांनी होते. मागच्या नंबरप्लेटवरच्या गोल चिकटपट्टीचा रंग मुदतीचं वर्ष सांगतो (२०२७ साठी पिवळा, २०२८ साठी तपकिरी), आणि वरच्या बाजूला येणारा आकडा महिना. पण तपासणीत ब्रेक, दिवे, टायर, गंज, धूर अशा गोष्टी पाहतात, म्हणजे गाडी रस्त्यावर सुरक्षित आहे का ते. टायमिंग बेल्ट किती जुना आहे, तेल कधी बदललं, हे त्यात तपासत नाहीत. आणि जुन्या गाडीची मोठी बिलं नेमकी तिथूनच येतात.

टायमिंग बेल्ट वरच्या झडपा आणि खालचे पिस्टन यांची चाल जुळवतो. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या झडपांवर आदळतात आणि इंजिन संपतं. त्याची मुदत किलोमीटर आणि वर्षं या दोन्हींत दिलेली असते, जी आधी येईल ती. रबर गाडी उभी असतानाही जुनं होतं. म्हणून 'एका निवृत्त माणसाची, फक्त ५०,००० किलोमीटर' अशी जाहिरात पाहून हुरळून जाऊ नका. कमी किलोमीटर म्हणजे बारा वर्षांचा मूळचाच बेल्ट, आणि बेकरीपर्यंतच्या थंड फेऱ्या. बेल्ट बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून किंमत ठरवा. काही इंजिनांत साखळी असते, तर फोर्डच्या १.० इकोबूस्ट आणि प्युजो-सिट्रोएनच्या १.२ प्युअरटेक इंजिनांच्या बऱ्याच आवृत्त्यांत बेल्ट तेलातच फिरतो. तिथे चुकीच्या तेलाने किंवा तेलात मिसळलेल्या पेट्रोलने बेल्टचं रबर सुटतं आणि तेलाची चाळणी तुंबते. अशी गाडी घेताना सर्व्हिसचा पूर्ण इतिहास पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तेलाबद्दल इतकंच. ५-डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पण तेवढं पुरत नाही, पुस्तिकेत कंपनीने दिलेला मानक क्रमांक डब्यावर असायला हवा. पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत तेल पुरेसं तापत नाही, आणि त्यात उतरलेलं पाणी व पेट्रोल उडून जात नाही. गाडी फारशी फिरत नसेल तरी वर्षातून एकदा तेल बदलणं या कारणाने शहाणपणाचं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताज्या डॉट-४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पावणेचार टक्के पाणी शिरलं की मानकानुसार तो १५५ पर्यंत उतरू शकतो. आल्प्सच्या लांब उतारावर ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागतं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलतात.

टायरसाठी जर्मनांचा सोपा नियम आहे: हिवाळी टायर ऑक्टोबर ते ईस्टर. बर्फ किंवा निसरड्या रस्त्यावर ते कायद्यानेच लागतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून त्यांवर डोंगर आणि हिमकणाची खूण असावी लागते. हवेचा दाब महिन्यातून एकदा पंपावर बघा. मऊ टायरने खप काही टक्के वाढतो, म्हणजे ई-१० च्या सगळ्या वादाइतका किंवा त्याहून जास्त.

गाडी व्यापाऱ्याकडून घेतलीत तर वैयक्तिक ग्राहकाला कायदेशीर हमी मिळते, आणि २०२२ पासून पहिल्या वर्षात निघालेला दोष आधीपासूनच होता असं मानलं जातं. खाजगी विक्रेता ही हमी करारात नाकारू शकतो आणि बहुधा नाकारतोच. बेल्टचं बिल नसलेली गाडी खाजगी माणसाकडून घेताना हे ध्यानात असू द्या.

शेवटी एक साधी सवय. गाडीत एक छोटी वही ठेवा आणि प्रत्येक वेळी टाकी पूर्ण भरताना तारीख, किलोमीटर, लिटर आणि इंधनाचा प्रकार लिहा. चार-पाच टाक्या ई-१० आणि चार-पाच टाक्या सुपर, शक्यतो एकाच ऋतूत. तुमच्या गाडीला आणि तुमच्या रस्त्यांवर नेमका किती फरक पडतो, ते मग कुणाला विचारावं लागणार नाही. आणि एखाद्या महिन्यात कारण नसताना खप अचानक चढलेला दिसला, तर अडकलेला ब्रेक, मऊ टायर किंवा बिघडलेला सेन्सर मोठं बिल होण्याआधीच त्या वहीत सापडेल.